देवीने खोळ टाकली

नाहूरच्या त्या चाळीसमोर, रस्त्याच्या कडेला, देवी होती. होती म्हणजे काय, आहेच. पण ती नक्की कोण, तेवढं विचारू नका. शेवंतीला विचारलंत तर ती आधी तुम्हाला चार शब्द सुनावेल आणि मग डोक्याला हात लावून बसेल.

मालवणाकडून लग्न होऊन चाळीत आली तेव्हापासून शेवंती ह्या देवीला शेंदूर लावत आली. दर मंगळवारी तेलात कालवून थापायचा, वर चांदीचे डोळे बसवायचे, खणानारळाने ओटी भरायची. तिच्या आधीच्या बायकांनीही तेच केलं होतं. थरावर थर बसून देवी चांगली गुटगुटीत झाली होती. सुबोध तान्हा असताना आकडी येऊन निळा पडला, तेव्हा शेवंती त्याला घेऊन अनवाणी धावली ती डॉक्टरच्या आधी इथेच. पोर वाचलं. देवीने वाचवलं, ह्यात तिला कधी शंका आली नाही.

आणि यंदा उन्हाळ्यात देवीने खोळ टाकली. म्हणजे शेंदराचा तो सगळा जाड थर एका सकाळी आपोआप सुटून खाली पडला. असं झालं की देवी खऱ्या रूपात दर्शन देते म्हणतात. बायका हळदकुंकू घेऊन धावल्या, आणि बघतात तर काय, वर चंद्रसूर्य, मध्ये कसलीशी अक्षरं आणि खाली गाढव. बरं, गाढव एकटं असतं तरी चाललं असतं. सोबत एक बाई, आणि दोघं अशा अवस्थेत की पोराबाळांसमोर बोलायची सोय नाही. शेजारच्या शकूने घरातून जुनी साडी आणून दगडाला गुंडाळली तेव्हा कुठे बायकांनी माना वर केल्या.

पण तोवर कुणीतरी काढलेला फोटो जायचा तिथे गेलाच. इतिहासाचं वेड असलेल्या मंडळींची एक संस्था आहे, तिच्यातली तेजल नावाची मुलगी आली, दगड पुसून अक्षरं वाचून गेली, आणि महिन्याभरात दगडाशेजारी निळा बोर्ड उभा राहिला. हा गधेगाळ आहे, शिलाहार राजांच्या काळातला. ही जमीन दान दिलेली आहे. जो कोणी ती बळकावेल त्याच्या आईला खालच्या चित्रातला शाप लागेल. चित्राबद्दल बोर्डाने सभ्यपणे मौन पाळलं होतं.

शेवंतीने तेजलला गाठून चहा पाजला आणि सरळ विचारलं, मग ही देवी आहे की नाही? तेजल बिचारी म्हणाली, आजी, हा राजाचा हुकूम आहे, लोक विसरले आणि पुजायला लागले. मग माझं पोर कोणी वाचवलं, असं शेवंतीने विचारल्यावर ती पोरगी अर्धा चहा तसाच ठेवून निघाली. शिकलेल्या माणसाने निदान खोटं तरी बोलावं. त्यात आणखी एक गोष्ट शेवंतीच्या घशाखाली उतरेना. गुन्हा पोराने करायचा, आणि शाप आवशीक कित्याक? आईने काय केलं? पुढच्या मंगळवारी ती शेंदराची वाटी घेऊन दगडासमोर उभी राहिली आणि लावावा की नाही ते न कळून तशीच परत आली.

अशातच चाळीच्या रीडेव्हलपमेंटचं घोडं गंगेत न्हायला आलं. शेवंतीचे गुडघे पार गेलेले आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला. घरातल्या घरात संडास असलेला फ्लॅट, एवढं एकच तिला आयुष्यात आता हवं होतं, आणि ते ती कुणालाही बेधडक सांगायची. अडचण एकच होती. टॉवरचं गेट नेमकं दगडाच्या जागेवर येत होतं. बिल्डरचं म्हणणं, तेवढा तुकडा प्लॉटमध्ये घेऊ आणि दगड मागच्या बागेत हलवू. बाकी सगळ्यांनी होकार दिला होता, सही राहिली होती फक्त सेक्रेटरीची. सेक्रेटरी म्हणजे आपला सुबोध. पक्का नास्तिक. आईच्या देवीवर तो लहानपणापासून हसत आलेला, आणि रोज तिथेच बाईक लावत असूनही तो बोर्ड त्याने एकदाही वाचलेला नव्हता. रस्त्यावरचे बोर्ड वाचतो कोण?

रविवारी दुपारी चाळीच्या पटांगणात टेबल मांडलं, बिल्डरचा माणूस कागद घेऊन बसला, पेढे आले. सुबोधने पेन उघडलं तेवढ्यात शकू गमतीत बोलून गेली, "सुबोध, जपून रे. शाप तुला नाही, आईला आहे. बोर्ड वाच जरा."

सगळे हसले, सुबोधही हसला. मग उठून गेटबाहेर गेला, बोर्डासमोर उभा राहिला, खाली वाकून साडी बाजूला करून चित्र बघितलं. परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पेन हातात, हात कागदावर, आणि सही काही होईना.

"कर की रे," शेवंती म्हणाली.

"आई, मी असलं काही मानत नाही."

"मग अडलंय कुठे?"

"मानत नाही गं. पण हात पुढे जात नाहीये."

शेवंतीचं डोकंच फिरलं. जन्मभर हिने हात जोडले आणि भीती ह्याला वाटते? ती गुडघ्यांवर हात टेकत उठली, टेबलापाशी आली आणि चारचौघांत म्हणाली, "अरे मेल्या, शाप माझ्यावर आहे ना? मग तू कशाला घाबरतोस? तुझ्यावर असता तर मीच तुला सही करू दिली नसती."

एवढं ऐकून तरी तो सही करील असं तिला वाटलं होतं. सुबोधने आईकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि कागद बिल्डरच्या माणसाकडे परत सरकवला. गेट दुसरीकडून काढता येत असेल तर बोला, नाहीतर राहू दे, एवढंच तो म्हणाला. मग पटांगणात जो कल्ला झाला तो विचारू नका.

शेवंतीला त्याचा संताप आला होता आणि रडूही येत होतं. ज्या राजाने तो दगड रोवला, त्याला तिच्या पोराच्या मनातलं हजार वर्षं आधी कसं कळलं, हे तिला काही केल्या कळेना.