तळे गप्प झाले तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ताश-बुलाक गावच्या कचेरीत खिडकीपाशी माझे टेबल आहे. पडद्याला भेग गेली आहे, कळांवरची अक्षरे झिजली आहेत. पण त्या दिवसाची आठवण आली, की अजूनही माझा पंखा उगाचच घरघरू लागतो.

मला खिंडीपलीकडून ट्रकमधून, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आणले. पहिली काही वर्षे मी फक्त दाखले छापले. मग राजधानीत, बिश्केकला शिकून गावची लेक नूरझात परतली. गावाच्या वर, हिमनदीच्या पायथ्याशी एक तळे आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळून ते फुगते; काठ फुटला, तर सारे पाणी गावावर येईल. काठावरच्या चौकीत तिचे मामा तोक्तोसुन पाण्याची पातळी मोजत. तिथे फोन नव्हता, होता तो रेडिओ.

नूरझातने मला रेडिओ जोडला आणि प्रोग्रॅम लिहायला घेतला. बोलणे लहान लहान पाकिटांत बांधायचे, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा, आणि हवेत सोडून द्यायचे. ही पाकिटे माझ्यात जिथून शिरतात त्याला सॉकेट म्हणतात. भिंतीवरचे नव्हे बरे का! प्रोग्रॅममध्ये उघडलेले ते एक दार असते. ते उघडायचे, पलीकडच्याशी जोडणी करायची आणि कान देऊन बसायचे.

कितीतरी दिवस नुसतीच खरखर ऐकली. मग एका दुपारी पहिले पाकीट आले. सगळी कचेरी माझ्यावर वाकली. पडद्यावर लिहिले होते, ‘चहा संपला. पाठवा.’

नूरझात हसता हसता रडू लागली. त्यानंतर पातळीचे आकडे नेमाने येऊ लागले. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून म्हणे, “ठीक आहे ना वर?” आणि निर्धास्त होऊन पुढे जाई.

नूरझातच्या भावाचे लग्न होते, तेव्हाची गोष्ट. कचेरीच्या खाली, नदीकाठच्या कुरणात लोकरी नमद्याचे गोल तंबू उभारले होते. माझ्या खिडकीतून सगळे दिसत होते, ऐकू येत होते. कढईत पुलाव शिजत होता, पोरे घोड्यांना दाणा घालत होती. माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘जोडणी चालू’ असे शब्द होते आणि खाली पातळीचा आकडा.

नूरझात शाल न्यायला आत आली. जाता जाता तिने माझ्याकडे पाहिले आणि ती जागीच थिजली.

“हा आकडा तर सकाळचाच आहे,” ती पुटपुटली. “एवढं ऊन पडलंय, आणि तळं तसूभरही हललं नाही?”

तिने कळा दाबून मामांना साद घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. नाहीच.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे कळले त्याने मी हादरून गेलो. पलीकडच्याने निरोप घेतला, तर माझे दार मिटते. पण जो निरोप न घेताच नाहीसा झाला, त्याची वाट पाहत ते उघडेच राहते. नूरझातच्या प्रोग्रॅममध्ये उलटून विचारणे नव्हतेच, फक्त ऐकणे होते. सकाळपासून मी कान लावून बसलो होतो, आणि पलीकडे कुणीच नव्हते!

ती आईकडे धावत सुटली. आईला ती आपा म्हणे.

“आपा, तंबू सोडा! सगळे शाळेच्या टेकाडावर चला!”

“अगं, नवरी दारात आलीय,” तिची आई बुरुल ओरडली, “आणि तुझं हे काय भलतंच?”

“तळं गप्प झालंय, आपा!”

“गप्प झालं तर बरंच की! बोर्सोक वाढ जा पाहुण्यांना.”

नूरझातने आईच्या हातातले वाढायचे ताट भिरकावले. कणकेचे तळलेले बोर्सोक गवतभर विखुरले. लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला, तशी बुरुल नवरीकडे धावली. तिने नवरीचा हात धरला आणि चढ धरला. मग सगळेच निघाले.

नंतर आले ते पाणी नव्हते. चिखल, धोंडे आणि उन्मळलेली झाडे घेऊन अख्खा डोंगरच आला. तंबू गेले, कढई गेली, दाव्याला बांधलेले घोडे गेले. टेकाडावर कुणी रडलेसुद्धा नाही. सगळे नुसते बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी तोक्तोसुन शेळ्यांच्या वाटेने, काठी टेकत, रक्ताळलेल्या पायाने खाली कचेरीत आले. नूरझात त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी तिला हलकेच दूर केले आणि माझ्या पडद्यावर अजूनही असलेल्या ‘जोडणी चालू’कडे बोट दाखवले.

“काल सकाळपासून मी दरडीखाली अडकलो होतो, पोरी. आणि ह्याच्या पडद्यावर मी खुशाल होतो?”

तिने खुर्ची ओढली.

ती माझ्यासमोर बसली, ती प्रोग्रॅम बदलूनच उठली. तेव्हापासून मी थोड्या थोड्या वेळाने वर विचारतो, ‘आहात का?’ उत्तर आले नाही, तर भोंगा वाजवतो. कधी वाऱ्याने रेडिओ बिघडतो आणि सारे गाव उगाचच टेकाडावर धावते. पण त्यासाठी मला कुणी शिव्या देत नाही.

आता नवे यंत्र येणार आहे म्हणे. मला खुशाल भंगारात काढा, मित्रांनो. माझ्या जागी येणाऱ्याला जलद बोलायला शिकवा, गोड बोलायला शिकवा. पण त्याआधी, उत्तर आले नाही की घाबरायला शिकवा.