लेकीची शपथ

चंद्राबाई गेल्या त्या सकाळी मिरजेच्या लॅबमधून फोन आला आणि तो नेमका त्यांच्या सुनेनं, दीपमालानं उचलला. पलीकडचा मुलगा म्हणाला, पेशंट कोविड पॉझिटिव्ह आहे, लगेच अ‍ॅडमिट करा. पेशंट तेव्हा सोप्यात घोंगड्यावर निपचित पडली होती आणि दारात माणसं जमायला लागली होती. दीपमालानं फोन ठेवला आणि सासऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या घरात अजून खरं सांगायची सवय असलेली ती एकटीच होती.

सासरे म्हणजे आबा. गाव त्यांना सुभेदार म्हणे. फौजेतून पेन्शनीत आले तरी हुकूम सोडायची खोड गेली नव्हती. लाट आल्यावर आजाऱ्याच्या दाराला पत्रे ठोका, हे ग्रामपंचायतीसमोर उभं राहून सांगणारे हेच. शेजारच्या धनाजीचा चुलता गेला, त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरकारी गाडीतून नेलं, तेव्हा ‘नियम म्हंजे नियम’ म्हणणारेही हेच. आता त्यांची स्वतःची बायको सवाष्ण मेली होती. सवाष्णीला न्हाऊ घालतात, मळवट भरतात, हिरवं लुगडं नेसवतात, गावातल्या बायका ओटी भरून पाया पडतात. आबांना त्यातलं काहीएक सोडायचं नव्हतं. नियम दुसऱ्यांच्या बायकांसाठी होता.

“हार्ट अटॅकनं गेली,” आबा म्हणाले. “कळलं न्हवं?”

मल्हारनं मान हलवली. हा त्यांचा मुलगा, शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर. कंपनीत शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी बापासमोर मान हलवण्यापलीकडे कधी गेला नाही. त्याच्याबद्दल आबांना शंका नव्हती. सून मात्र परक्या घरची, साताऱ्याची, वर कॉलेज शिकलेली. तेवढ्यात आठ वर्षांची क्रांती तोंडात ब्रश घेऊन परड्यातून आत आली. आबांनी तिला दंडाला धरून ओढलं आणि सुनेपुढं उभं केलं.

“हात ठेव हिच्या डोस्क्यावर. म्हण, क्रांतीची शपथ, ह्यातलं कुणाजवळ बोलणार न्हाई.”

दीपमालानं हात ठेवला आणि म्हटलं. तिथं शपथ हा खेळ नसतो. ज्याच्या डोक्यावर हात, त्याच्या जिवावर शपथ, आणि मोडली की तो जीव गेलाच. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं ‘सुटली’ म्हटलं तर सुटते, एरवी नाही. शाळेतली पोरंसुद्धा हे पाळतात, आणि कॉलेज शिकूनही दीपमालाच्या मनातून ते गेलेलं नव्हतं.

मग सगळं थाटात झालं. धनाजीची आई तानुबाई ही चंद्राबाईंची जन्माची मैत्रीण. न्हाऊ घालायला तीच पुढं झाली, चंद्राबाईंचं डोकं मांडीवर घेऊन तिनं केस विंचरले, मळवट भरला. दीपमाला शेजारी उभी राहून घागरीतलं पाणी ओतत राहिली. पुढच्याच पंधरवड्यात तानुबाई सांगलीच्या दवाखान्यात कोविडनं गेली. तिचं तोंडही धनाजीला बघायला मिळालं नाही. आई तर कुठं गेली न्हाई, आली न्हाई, मग तिला झाला कसा, असं तो भेटेल त्याला विचारत राहिला. आबांनाही त्यानं विचारलं. आबा म्हणाले, हवेतनं येतो.

जून लागला आणि क्रांतीला ताप भरला. डोळे लालभडक झाले, ओठ फुटले, अंगावर पुरळ उठलं, पोट दुखतंय म्हणून ती गुडघे छातीशी घेऊन कण्हायला लागली. धनाजीनंच आपली जीप काढली. शेजारधर्म त्याच्या अंगातच होता. कवठे महांकाळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे त्यानं पोरीला उचलून आत नेलं आणि टेबलावर ठेवून तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, तळहात पाहिले. “महिन्या-दीड महिन्यात घरात कुणाला कोविड झाला होता का?”

“न्हाई,” मल्हार म्हणाला.

“आमच्या आईला झाला व्हता,” धनाजी म्हणाला. “शेजारीच हाय आमी.”

“पोरगी तिकडं गेलीच न्हवती,” मल्हार घाईनं म्हणाला. ते खरंच होतं.

डॉक्टर दीपमालाकडे वळले. “ताई, लपवू नका. कोविड होऊन गेल्यावर महिन्याभरानं काही मुलांचं शरीर स्वतःवरच उलटतं. आतून सूज येते, हृदयालासुद्धा. मुलाला कोविड झाला हे घरच्यांना कळलेलंही नसतं. तसं काही असेल तर मी हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला पाठवतो. नसेल तर मला हा टायफॉइड वाटतोय.”

दीपमालानं लेकीकडे पाहिलं. बोललं तर लेक जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न बोललं तर जाईल असं डॉक्टर म्हणत होते, पण ते नुसतं ‘असेल तर’ होतं. तिनं नकारार्थी मान हलवली. लेकीला वाचवण्यासाठीच हलवली, हे इथं सांगून ठेवायला हवं.

सलाईन लागल्यावर ती दवाखान्याच्या जिन्यात गेली आणि तिनं आबांना फोन लावला.

“आबा, शपथ सुटली म्हणा.”

“धनाजी हाय का तितं?”

“हाय. पण मी डॉक्टरला एकट्यालाच सांगते, दार लावून. कुणाला कळणार न्हाई. निस्तं सुटली म्हणा.”

“डॉक्टर काय म्हणतोय?”

“टायफॉइड वाटतोय म्हणत्यात.”

“मग झालं तर. टायफॉइडनं कोण मरत न्हाई.”

“आबा, पाया पडते तुमच्या.”

“तानुबाईच्या चितेची राख अजून निवली न्हाई,” आबा म्हणाले. “धनाजीला कळलं तर त्यो माझ्या दारात येऊन बोंबलंल. गावात मला तोंड ऱ्हाईल का? गप ऱ्हा.” आणि फोन बंद झाला. नातीच्या जिवापेक्षा गावातलं तोंड जड भरलं, आणि तोलायला त्यांना क्षणही लागला नाही.

सलाईनवर सलाईन चढलं. ताप हटेना. क्रांतीचे हातपाय सुजले, मग गार पडले, आणि तिसऱ्या दुपारी नाडी लागेना म्हणून डॉक्टरांनी घाईघाईनं सांगलीला हलवायला सांगितलं. पुन्हा धनाजीचीच जीप. वाटेत क्रांती आईच्या मांडीवर होती. ती म्हणाली, “आई, डोक्यावर हात ठेव की. डोकं दुखतंय.” शपथ घेतली त्या सकाळपासून दीपमालाचा हात लेकीच्या डोक्यावर टेकत नव्हता, वेणीसुद्धा ती लांबून, शेंड्याला धरून घाली. ती लेकीचे पाय चोळत राहिली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला पाहिलं आणि पहिला प्रश्न तोच केला. मल्हारनं तोंड उघडायच्या आत दीपमाला बोलली. आबांना न विचारता बोलली, आणि सगळं बोलली. लॅबचा फोन, हार्ट अटॅक, न्हाऊ घातलं ते.

धनाजी दारातच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“वैनी,” तो म्हणाला, “माझ्या आईनं मांडीवर डोस्कं घेतलं व्हतं तिचं. तुमी पाणी वतत व्हता.”

धनाजी जिना उतरून गेला.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं सुरू केली. संध्याकाळपर्यंत ताप उतरला, पुरळ फिकं झालं. सकाळी क्रांतीनं पाणी मागितलं, आजीचं मांजर कुठंय म्हणून विचारलं. दीपमालाला वाटलं, आबांची शपथ खोटी निघाली. तिनं हळूच हात उचलला आणि इतक्या दिवसांनी लेकीच्या कपाळावरून वर, केसांत ठेवला. क्रांतीनं डोळे मिटून घेतले. दुपारी तिचं हृदय थांबलं. बायकांनी दीपमालाला ओढून बाहेर काढेपर्यंत तिचा हात तिथंच होता.

व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टरीणबाईंनी मल्हारला थांबवलं. “हृदय फार दमलं होतं, त्यात इतकं सलाईन चढलेलं. पहिल्या दिवशी इथं आली असती तर बहुतेक वाचली असती. तुमच्या पत्नीला सांगा, त्या बोलल्या म्हणून आम्हाला निदान प्रयत्न तरी करता आला. ते त्यांना कळायला हवं.” मल्हारनं मान हलवली.

दोघं घरी आली तेव्हा आबा कॉटवर बसले होते. धनाजीनं गावात सगळं सांगितलं होतं आणि दाराशी कुणी फिरकलं नव्हतं. दीपमाला उंबऱ्याच्या आत आली तशी आबांनी मान वर केली. डोळे रडून सुजलेले होते. नातीवर त्यांचा जीव नव्हता असं कुणी म्हणणार नाही.

“मी सुटली म्हणालो न्हवतो,” ते म्हणाले. “तू मोडलीस.”

दीपमाला मल्हारकडे वळली. “आवं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तुमाला? भाईर काय बोलत व्हत्या?”

मल्हारनं बापाकडे पाहिलं. एक वाक्य होतं, आणि ते फक्त त्याच्याजवळ होतं. ते सांगायचं तर पहिल्या दिवशी ‘न्हाई’ कोण म्हणालं तेही आलं, आणि जिन्यातून केलेल्या फोनला नकार कुणी दिला तेही आलं.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या हातात काय नव्हतं म्हणाल्या.”

दीपमालानं मान हलवली. लेक शपथेनंच गेली, हे तिला पटलं. मग तिनं आपला उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मल्हार सुतकानंतर शिरवळला गेला. ते वाक्य तिला कुणीच सांगितलं नाही.