बेटावरच्या पाखराला मी हाक दिली

मी चिव्याच्या बांबूची शिट्टी बोलतेय. माझ्या तोंडात मेणाचा गोळा कोंबलाय, तरी बोलतेय. घडलं त्याला दोन वर्षं झाली, पण मला बसलेला धक्का काही ओसरत नाही.

माझा जन्म जोयड्याच्या रानातला. लखू नावाच्या शेतकऱ्यानं मला कापलं, निखाऱ्यावर शेकलं, भोक पाडलं आणि पहिल्याच फुंकीला म्हणाला, "बेस हाय!" एवढ्यावर माझं बारसं उरकलं.

काम एकच, विळ्यासारख्या वाकड्या चोचीच्या सातभाईला बोलावायचं. हे पाखरू झुडपांच्या बुडाशी पाला चिवडत हिंडतं. नर 'हुप-पुपुप' अशी साद घालतो, आणि ती संपते न संपते तोच मादी 'क्रू' असा जबाब देते. दोन्ही आवाज माझ्या पोटात होते. भोक मोकळं ठेवलं की नर, बोटानं अर्धं दाबलं की मादी. मी बोलावलं आणि पाखरू आलं नाही, असं कधी झालं नाही. आलं की ते लखूच्या फासात अडकायचं, हेही सांगून टाकते. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. उलट खुंटीवर मोठ्या तोऱ्यात लटकलेली असायची मी.

लखूमागं मी त्याच्या मुलाकडे, नागूकडे आले. पुढं काळी नदीवर धरण झालं. पाणी चढत चढत आमच्या वाडीत शिरलं. भाताची खाचरं गेली, देवराई गेली. म्हातारी आई केशर आणि चार भांडी घेऊन नागूनं वरच्या अंगाला नवं घर बांधलं, मलाही बरोबर आणलं. जुन्या घरामागची टेकडी तेवढी बुडाली नाही. ती पाण्यात बेट होऊन उभी राहिली.

त्या बेटावर सातभाई होते. दर साली त्यांचे आवाज कमी होत गेले. एका साली नुसतीच 'हुप-पुपुप' ऐकू येऊ लागली. जबाब नाही. पुन्हा साद, पुन्हा जबाब नाही. केशर दारात बसून ऐकायची.

"एकटंच ऱ्हायलंय रं ते," ती नागूला म्हणायची. "आपल्या परड्यातलं पाखरू हाय. त्येला हिकडं आण."

त्याच सुमारास, म्हणजे ब्याण्णव साली, बेळगावच्या सावित्रीबाई जीपमधून आल्या. त्या पाखरं जाळ्यात धरायच्या, पंखाखालून रक्ताचा एक थेंब घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या. पाखरांना जाळ्याकडे बोलावणारा माणूस त्यांना हवा होता. नागू त्यांच्याबरोबर पार गुंद गावापर्यंत फिरला. मी हाक दिलेलं पाखरू जिवंत परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"अक्का, ह्ये रगत कशापायी?" नागूनं विचारलं.

"वेगवेगळ्या डोंगरांतल्या पाखरांचं रक्त ताडून बघायचंय, मामा. लाखो वर्षांमागे मधेमधे पाऊस फार कमी व्हायचा. रानं सुकायची. ओल्या घळींत आणि उंच डोंगरांवर तेवढी उरायची, मधे सगळा उघडा माळ. शिवाय डोंगरांत पालघाटसारख्या रुंद खिंडी. झाडीतली पाखरं असं उघडं ओलांडत नाहीत. मग इकडची इकडं, तिकडची तिकडं. हजारो पिढ्या भेट नाही झाली, की रक्तच वेगळं होत जातं."

नागू पोट धरून हसला. "अक्का, पाखरू हाय त्ये, गोगलगाय न्हवं! देवानं पंख कशाला दिल्यात मग?"

मीही मनातल्या मनात हसले. एवढी शिकलेली बाई आणि पाखराला उडता येतं हे हिला ठाऊक नाही!

बेटावरच्या एकट्या नराची गोष्ट ऐकून सावित्रीबाई म्हणाल्या, "शुक्रवारी होडी मिळतेय. बेटावर जाळं लावून त्याला धरू आणि इकडं आणून सोडू. इकडं माद्या आहेत. पण तोवर काठावरून हाक देऊ नका, मामा."

"व्हय, व्हय," नागू म्हणाला.

गुरुवारी सकाळी त्यानं मला खुंटीवरून काढलं. केशर काठी टेकत मागोमाग आली.

"आये, होडी कशाला पायजे? आत्ता यील बघ."

बेट हाकेच्या अंतरावरच होतं. पलीकडून साद आली. नागूनं बोटानं माझं भोक अर्धं दाबलं आणि फुंकलं. मी 'क्रू' केलं.

पलीकडं एकदम शांतता झाली. मग सादेवर साद सुरू झाली. किती दिवसांनी त्याला जबाब मिळाला होता! मी दर वेळी उत्तर देत गेले. पाखरू झाडी सोडून पाण्याकाठच्या दगडावर आलं. मागं गेलं. पुन्हा आलं. आणि उडालं.

"आलं! आये, आलं बघ!"

मधे बुडालेल्या सागाचं एक टोक वर होतं, तिथं ते टेकलं. चोच उघडी, अंग थरथरत होतं. चहूकडे नुसतं पाणी. एवढं उघडं आभाळ त्यानं कधी पाहिलंच नसावं. मागं वळलं असतं तर वाचलं असतं. पण नागूनं पुन्हा फुंकलं, आणि मी पुन्हा जबाब दिला.

ते निघालं. आखूड पंख भराभर हलत होते, तरी खाली खाली येत गेलं. अर्ध्या वाटेवर ते पाण्यात पडलं. बुडालं म्हणावं तर आवाजसुद्धा झाला नाही.

नागू अंगातल्या कपड्यांनिशी पोहत गेला. परतला तेव्हा त्याच्या मुठीत ओला गोळा होता. केशरनं तो पदरात घेतला, पुसला, छातीशी धरून ऊब दिली. मान लुळीच राहिली.

शुक्रवारी सावित्रीबाई होडी घेऊन आल्या. नागू पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"अक्का, त्येला पंख हुते न्हवं?"

"होते, मामा."

ती होडी दिवसभर काठाला रिकामी बांधलेली होती.

संध्याकाळी नागूनं मधाच्या पोळ्याचं मेण तापवून माझ्या तोंडात दाबलं आणि मला खुंटीला टांगलं. तेव्हापासून मी इथंच आहे. दोष नागूचा, असं केशर म्हणते. पण जबाब तर मी दिला होता, आणि काठावर जबाब देणारी मादी नव्हती. होते ती मी, बांबूची कांडी. बेटावरून आता साद येत नाही.

माझ्या तोंडातलं मेण काढू नका. पाण्यापल्याड कुणी एकटं राहिलं असेल, तर त्याला काठावरून हाका मारू नका. होडी घेऊन जा.