भागीरथीच्या डब्याची जागा

लखनला त्या सकाळी मिळण्यासारखं होतं ते एवढंच: रांगेत एक नंबर पुढची जागा. पण नवागामच्या आमच्या गल्लीत १९९६ साली नळ सात वाजायच्या आतच मान टाकायचा आणि शेवटच्या नंबराला बहुतेक वेळा त्याचा नुसता खोकला मिळायचा. लखन शेवटचा होता. घरी उज्ज्वला ओली बाळंतीण. हंडा भरला नाही तर लांबच्या हातपंपावर जायचं, म्हणजे कडोदऱ्याच्या कापड कारखान्यातली पाळी चुकली, म्हणजे मास्तर त्याचे लूम दुसऱ्याच्या हाती देणार. नंबराची किंमत त्यानं बरोबर लावली होती.

रांगेत मधोमध भागीरथीचा डबा होता, चेपल्या तोंडाचा, रॉकेलचा. भागीरथी महिन्यापासून पारोळ्याला, माहेरी. मागे घरात तिची सासू सुभद्राबाई, खाटेला खिळलेली. तरी डबा रोज रांगेत यायचा, भरायचा आणि सुभद्राबाईच्या मोरीत जाऊन बसायचा. कोण करतं विचारलं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. खोटं कुणीच बोलत नव्हतं, ही त्यातली गंमत.

"जो माणूस गावातच नाही, त्याचा कसला नंबर?" लखन म्हणाला.

त्याच्या पुढे वृषाली होती, कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी. ती हसली. "लखनभाऊ, आमचा अख्खा विषय यावरच आहे. समोरची माणसं, किंवा नुसती आहेत असं वाटणारी माणसं, आपल्याला कशी वळवतात."

"वाटणारी पण?"

"वाटणारी पण. एकोणीसशे आठ साली दोघांनी यावर पुस्तकं लिहिली, एकानं इंग्लंडात, एकानं अमेरिकेत. एक म्हणे, याचं मूळ माणसाच्या आत आहे, उपजत. दुसरा म्हणे, माणसं जमली की त्यांच्यात एक ओढ तयार होते, तिच्यात आहे."

"मग खरा कोण?"

"भांडण अजून मिटलं नाही."

"मी मिटवतो," म्हणत लखननं डबा उचलला आणि भिंतीशी ठेवला.

सगळ्यांनी पाहिलं. मग पुन्हा नळाकडे तोंडं फिरवली. लखनला बरं वाटलं. ज्याला त्याला आपलंच पडलंय, हा त्याचा हिशोब जुळला.

नळाखालचा हंडा भरला. रांग सरकली. डब्याच्या आधी नंबर असलेल्या प्रमिलाबाईंनी आपली कळशी पायानं पुढे लोटली. त्यांच्यामागून बन्सीलालनं दात घासत घासत बादली ओढली आणि मध्येच थांबवली. पुढे एका डब्याएवढी जागा मोकळी राहिली.

"बन्सीलालभाऊ, सरका की पुढं."

"सरकनू ना," बन्सीलाल तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, सरकलोच आहे अशा थाटात. त्यानं बादलीकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि पुन्हा दात घासू लागला.

रांग परत हलली. ती जागाही हलली, जशीच्या तशी, जणू डोक्यावर पदर घेतलेली कुणी बाई तिथं उभी आहे आणि तिला धक्का लागू नये म्हणून सगळे जपताहेत. वृषाली मान वाकडी करून ती जागा पाहत राहिली.

लखन पुढे गेला. बन्सीलालची बादली लोटायची, बस्स. त्यानं तिच्यावर पाय ठेवला. अडवायला कुणी नव्हतं. प्रमिलाबाई तर वांग्याच्या भाजीचं सांगत होत्या. पाय काही हलेना. त्यानं तो काढून घेतला, भिंतीशी गेला, डबा आणला आणि जागेवर ठेवला. बरोबर बसला.

"तुले काय व्हयनं रे, भो?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काही नही."

कळशी भरल्यावर प्रमिलाबाईंनी बोलता बोलता डबा नळाखाली सारला. भरला तसा बन्सीलालनं तो सुभद्राबाईकडे नेला. मग त्याची बादली, मग वृषालीचा हंडा. लखनचा हंडा अर्ध्यावर आला आणि नळ खोकला.

"माझा न्या," वृषाली म्हणाली.

"तो तुझा नंबर आहे."

"मग सांगा तरी, पाय कुणी अडवला? आतून, की रांगेनं?"

लखननं आपल्या पायाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "तुझ्या त्या दोघांना विचार," म्हणाला आणि हातपंपाकडे निघाला.

तेव्हा त्या सकाळचा जमाखर्च असा: सुभद्राबाईला पूर्ण डबा, उज्ज्वलाला हातपंपाचं पाणी, लखनचे लूम दिवसभर दुसऱ्याच्या हाती. याची किंमत भरली ती एकट्या लखननं, आणि ती त्याच्याकडे कुणी मागितलीही नव्हती.