आधी गालाला टेकवा

मित्रांनो, मी दातांचं माप घेणारा एक जुना स्कॅनर आहे. माझ्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि बटण जरा तिरकं बसलंय, पण हसू नका! हजारो तोंडांत जाऊन आलोय मी.

दात तुटला की त्यावर टोपी बसवतात आणि त्यासाठी नेमकं माप लागतं. पूर्वी गार, चिकट लगद्याने भरलेला साचा तोंडात दाबून ते घेत आणि त्या ठशात प्लास्टर ओतून तसेच दात बनवत. मला घडवणाऱ्या ताईच्या आईचा पुढचा दात तुटला होता, आणि लगदा तोंडात गेला की तिला उमळून यायचं. तीनदा ती डॉक्टरकडून तशीच परत आली. एरवी खळखळून हसणारी बाई तोंडावर हात धरून हसू लागली. बिनलगद्याची यंत्रं होती, पण एकेकाची किंमत मोटारीएवढी! ताई इंजिनिअर. "मग मीच बनवते," ती म्हणाली.

जुन्या फोनचे दोन कॅमेरे, एक दिवा आणि टोकाला नखाएवढा आरसा, असा मी घडलो. दोन वर्षं मी मामाच्या कार्यशाळेत प्लास्टरचे दात मोजले. मामा म्हणजे आईचा भाऊ, हयातभर दातांच्या टोप्या घडवणारा कारागीर. "हे चिमुरडं काय माप घेणार!" असं तो चिडवायचा. पण माझं माप केसभरही चुकत नव्हतं. माझ्या डोक्यात हवाच गेली हो.

मग ताईने मला आईच्या तोंडात घातलं, आणि पडद्यावर नुसतं धुकं! तिने मला पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा धुकं.

"जाऊ दे गं, माझ्या नशिबातच नाही," आई म्हणाली आणि सवयीने तिचा हात तोंडावर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा हात पुसत उठला. "अगं वेडाबाई, प्लास्टर कधी श्वास घेतं का? आरशावर वाफ धरतेय. तोंडात आरसा घालताना डॉक्टर आधी काय करतात, बघितलंस कधी?" त्याने माझं टोक आईच्या गालाला आतून टेकवलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. आरसा कोमट झाला. मग मला एकेक दात लख्ख दिसला.

त्या मापावर मामाने टोपी घडवली आणि ती पहिल्याच झटक्यात बसली. "माझी प्लास्टरची बादली कोरडी पाडलीस की लेका!" म्हणत त्याने मला थोपटलं. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे मी गावोगावच्या दवाखान्यांत राबलो. आता माझी धाकटी भावंडं आली आहेत. त्यांच्या आरशामागे ऊब देणारी तार असते. ती अक्कल मामाची, बरं का! मी मात्र कार्यशाळेच्या कपाटात असतो. कधीकधी महिनोन्महिने कोणी दार उघडत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, यंत्र जुनं झालं तरी त्याचा आरसा पुसून ठेवा. आणि नवं काही बनवलंत, तर ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या तोंडात एकदा घालून बघा; प्लास्टरच्या शाबासकीवर जाऊ नका. आई अजूनही मामाशी भांडायला कार्यशाळेत येते. भांडता भांडता दोघं हसत सुटतात, आणि कपाटाच्या काचेतून मला दिसतं, तिचे दोन्ही हात कमरेवर असतात.