गावसभेचा माईक आणि मेपलचा पाक

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला माईक आहे आणि आज मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. कारखान्यात मला जाळी बसली, तार जुळली, आणि मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका लहान गावाच्या सभागृहात आलो. इथे दर मार्चला गावसभा भरते. आधी नाव सांगायचं, मग अध्यक्षबाईंकडे बघून बोलायचं, असा रिवाज. रस्त्यावरचा बर्फ कुणी उपसायचा, शाळेचं छप्पर कधी दुरुस्त करायचं, सगळी भांडणं माझ्यातून गेली. मधल्या सुट्टीत तीच माणसं एका टेबलावर बीन्स आणि ब्राऊन ब्रेड खात. तेव्हा लोक माझी जाळी कौतुकाने पुसत.

मग मोबाईलवर गावाचं पान निघालं. बोलायला कुणाला माझ्यापर्यंत यावं लागेना. मी कपाटात धूळ खात पडलो. त्या पानावर हार्लन बुशीने लिहिलं, "डांग्या खोकल्याला लस कशाला? आपल्या मेपलचा गरम पाक पाजा." हार्लन मेपलच्या झाडाचा गोड रस आटवून पाक करणारा, मनाने वाईट नाही. पण आपल्या पाकाचा या गावाला एवढा अभिमान, की कुणी शंकाच घेतली नाही. ते वाचून गावातल्या टेसा गोकीने आपल्या तान्ह्या बाळाची लस पुढे ढकलली. बाळाला तोच खोकला झाला, ते निळं पडलं, इस्पितळात न्यावं लागलं.

यंदाच्या सभेत टेसाने ठराव मांडला की असला मजकूर पानावरून काढून टाकायचा. गर्दी वाढली म्हणून मला पुन्हा बाहेर काढलं.

"खरं-खोटं ठरवणार कोण?" मागच्या बाकावरून एकजण ओरडला. "आज मजकूर पुसाल, उद्या आमची तोंडं शिवाल!"

"आणि पोरं आजारी पडली की तू येणार आहेस का उशाशी बसायला?" एका बाईने त्याला झापलं.

"अध्यक्षबाई, माझ्या आजीने याच पाकावर पोरं वाढवली," हार्लन म्हणाला. "मी लिहिलेलं पुसणार नाही."

"मग इथे येऊन वाच की, मोठ्याने," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तो ताठ मानेने आला. नाव सांगितलं आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मला संताप आला, पण माईकला कुणाचा आवाज अडवता येत नाही.

मग टेसा बाळाला कडेवर घेऊन आली. आजार उतरला होता, पण हा खोकला महिनोन्महिने रेंगाळतो. ती बोलणार तोच बाळाला ढास लागली. ती ढास आणि त्यानंतर ओढून घेतलेला तो श्वास मी जिवाच्या आकांताने शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवला.

"माझं नाव टेसा गोकी," ती शेवटी म्हणाली. "हार्लनकाका, मी तुमचं ऐकलं होतं. बाकी मला काही बोलायचं नाही."

हात वर झाले. पुष्कळ हात खालीच राहिले, हार्लनचाही. ठराव कसाबसा मंजूर झाला. सभा पांगताना हार्लनने मोबाईल काढला आणि आपला मजकूर आपणच पुसला.

"तुमच्या ठरावासाठी नाही हं," तो अध्यक्षबाईंवर गुरगुरला.

मित्रांनो, आता म्हणे नवा माईक येणार. येऊ दे! मला खुशाल भंगारात टाका. पण दुसऱ्याच्या लेकराला औषध सांगायचं असेल, तर आधी त्याच्या आईच्या डोळ्यांत बघून सांगा. नाही जमत? मग गप्प बसा.