हीटरचं बटण

मर्विन ट्रॅन्टरच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकही स्क्रू दिसत नसे, आणि ही गोष्ट ज्याला मर्विननं ऐकवली नाही असा माणूस क्रॅडली हीथ गावात शोधूनच काढावा लागला असता. गाडी त्यानं घरी बांधलेली. सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून आली, इंजिन भंगारातून, आणि उरलेलं सगळं गॅरेजमध्ये कित्येक हिवाळे बसून त्यानं स्वतःच्या हातानं केलं. जन्मभर कारखान्यात प्रेसचे साचे बनवलेला माणूस तो. जोड दिसला तर त्याला स्वतःची पँट फाटल्यासारखी लाज वाटायची.

डॅशबोर्डची फळी अक्रोडाच्या लाकडाची होती, आरशासारखी पॉलिश केलेली. गाड्यांच्या मेळाव्यात लोक गुडघे टेकून, मान वाकडी करून तिच्याखाली टॉर्च मारायचे. ही टिकलीय कशावर, असं विचारलं की मर्विन म्हणायचा, "चांगल्या वळणावर." त्याचा दोस्त क्लिफ तर वर्षानुवर्षं मागे लागला होता. त्यानं बिअर पाजून पाहिली, शिव्या देऊन पाहिल्या. मर्विननं दाद दिली नाही.

मर्विनच्या बायकोला, बेरिलला, ती गाडी कधीच आवडली नाही. दारं एवढीशी, छप्पर नावापुरतं, वारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचा. त्यात हीटर नव्हता. हीटरचं बटण मात्र होतं! फळीच्या उजव्या टोकाला, बाकीच्या बटणांच्या रांगेत, पंख्याचं चित्र असलेलं काळं गुळगुळीत बटण, ज्याला मागे कुठलाच हीटर जोडलेला नव्हता. "बटण आहे, हीटर नाही. आमच्या संसारासारखंच," असं ती क्लबात सांगायची. लोक हसायचे आणि मर्विनही हसायचा.

आता तो फारसा हसत नसे. आजार हळूहळू आला, आणि मग एकदम सगळ्या घरात पसरला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार, मग चहा प्यायलो की नाही हे. मधूनमधून तो बेरिलशीच कामवाल्या बाईशी बोलावं तसा बोलायचा, फार सभ्यपणे. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं. दोनदा तो घरातून निघून गेला. दुसऱ्या वेळी कालव्याच्या काठावर सापडला, पायात एकच बूट. तेव्हा बेरिलनं हात टेकले. वृद्धांच्या होममध्ये खोली मिळाली आणि सोमवारी त्याला तिथं पोचवायचं ठरलं.

त्याला शांत वाटायचं ते एकाच जागी, त्या गाडीत. दुपारी ती त्याला गॅरेजमध्ये नेऊन बसवायची, आणि तो फळीवरून हात फिरवत तासभर गप्प असायचा. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं की सोमवारआधी त्याला या गाडीतून क्लेंटच्या टेकडीवर एकदा फिरवून आणायचं. गाडी बांधून झाली तेव्हा पहिल्यांदा त्यानं तिला तिथंच नेलं होतं. आयुष्यभर त्या गाडीला नावं ठेवली, आता निदान एवढं तरी. शुक्रवारी तिनं स्वतः किल्ली फिरवली. डॅशमागून वायर जळाल्याचा वास आला, काटे एकदा थरथरले आणि गाडी मेली.

शनिवारी सकाळी क्लिफ हत्यारांची पेटी घेऊन आला. त्यानं खालून तपासलं. करंट फळीच्या मागपर्यंत येत होता, पुढं काही नाही. इंजिनच्या बाजूनं वेगळी वायर ओढून गाडी सुरू करता येईल, तो म्हणाला, पण मागं काय जळलंय ते न बघता करंट सोडला तर तुम्ही दोघं टेकडीवर पोचण्याआधीच भाजून निघाल. खालून हात घालावा तर मनगटापर्यंतच जाई, वरचं फायबर कायमचं चिकटवलेलं. फळी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि फळी काढायची कशी ते देवाला आणि मर्विनला ठाऊक.

"तुझ्या नवऱ्यानं बँकेच्या तिजोऱ्या करायला हव्या होत्या," क्लिफ म्हणाला.

त्यानं डायलच्या कडा चाचपल्या, एकेक बटण दाबून, पिळून पाहिलं. हीटरचं बटण गोल गोल फिरलं आणि काहीच झालं नाही. ते खोटंच आहे, बेरिल म्हणाली. ते काय सगळ्या क्रॅडलीला माहीत आहे, क्लिफ म्हणाला.

मग बेरिलनं मर्विनला आणलं. डोक्याला आठवत नसलं तरी हातांना आठवेल, अशी तिला वेडी आशा होती. असल्या गोष्टी माणसं सांगतात ना. तिनं त्याला गाडीत बसवलं, त्याचे हात फळीवर ठेवले. त्याची बोटं कडेवरून निघाली, डायलला वळसा घालून बटणांपाशी आली. बोटं हीटरच्या बटणावर क्षणभर थांबली, मग त्यानं बाहीनं ते पुसलं आणि हात मांडीवर घेतला.

"काम झकास आहे," तो क्लिफला म्हणाला. "ज्यानं केलं त्याला विचारा."

क्लिफ तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला. दुपारचे चिप्स त्यांनी गॅरेजमध्येच कागदावर खाल्ले. मर्विननं आपल्यातले अर्धे बेरिलला दिले. बाई, तुम्ही फार राबता, असं म्हणाला.

जेवण झाल्यावर क्लिफनं ड्रिल काढलं. चार कोपऱ्यांत चार भोकं पाडतो, मागं जे काय धरून बसलंय ते तोडतो, आणि काम झालं की समोरून चार स्क्रू मारतो. दिसायला घाण दिसेल, पण सोमवार काही थांबणार नाही. बेरिलनं मान डोलावली. ड्रिलचा आवाज झाला तसा मर्विन उठून उभा राहिला. ओरडला नाही. त्यानं क्लिफच्या दंडाला हात लावला.

"नको रे. आमच्या बेरिलला विचार. मी तिला दाखवलंय."

ड्रिल बंद झालं.

"ज्या दिवशी बसवली, त्या दिवशी दाखवलंय," मर्विन म्हणाला. "म्हटलं, माझं काही झालं तर कुणाला तरी माहीत हवं. फक्त तिलाच. ती विसरायची नाही." मग तो बेरिलकडे वळला. "बाई, तुम्ही जरा घरात जाऊन तिला बोलावता का?"

क्लिफनं बेरिलकडे पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

तो दिवस तिला आठवत होता, म्हणजे दिवसच तेवढा आठवत होता. थंडी अशी की गॅरेजच्या खिडकीवर आतून बर्फ. तिनं दोन्ही हातांनी फळी समोरून दाबून धरली होती आणि मर्विन पायाशी उताणा पडून काहीतरी सांगत होता. बघ हं बेरिल, हे असं, मग तसं. ती हं म्हणत होती. बहिणीकडे जायचा ख्रिसमस या गाडीपायी बुडाला म्हणून ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती, आणि बोटं गारठली होती. झालं का एकदाचं, असं तिनं विचारलं होतं. झालं, तो म्हणाला होता, आता हे आपल्या दोघांतच. त्यानं एवढ्या हौसेनं सांगितलं आणि तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. ती आता तो एकेक शब्द उकरायला बघत होती, पण जे कधी आत गेलंच नव्हतं ते बाहेर कुठून येणार? त्याचं तर आजारानं नेलं. तिला कसला आजार होता?

"भोकं पाड," ती क्लिफला म्हणाली.

तिनं मर्विनला घरात नेलं, रेडिओ मोठा केला. तरी आवाज येत होता. शेवटी लाकूड फुटल्याचा एक आवाज आला, फार मोठा नव्हता.

ती परत आली तेव्हा फळी बाकावर पडली होती, मधोमध चिरलेली. क्लिफ गाडीशेजारी जमिनीवर बसला होता. त्यानं तिला दाखवलं. फळीच्या पाठीला टोपीवाल्या चार खुंट्या आणि गाडीच्या पत्र्यात त्यांच्यासाठी चार खाचा. भिंतीवरचं घड्याळ खिळ्यात अडकवतात तसं. फळी आत ढकलायची, बोटभर डावीकडे सरकवायची, बसली. ती परत सरकू नये म्हणून एकच सळई, फळीतून आरपार पत्र्यात गेलेली, तिच्यावर स्प्रिंग. त्या सळईच्या पुढच्या टोकाला हीटरचं बटण.

"पिळायचं नव्हतंच ते," क्लिफ म्हणाला. "ओढायचं होतं."

बेरिलला तेव्हा आठवलं. सगळं नाही, एकच वाक्य. थंडी वाजली की हे ओढायचं बरं का, बेरिल. तो खालून हसत म्हणाला होता. आणि तिला तो तिच्या गारठलेल्या बोटांची थट्टा करतोय असं वाटून राग आला होता. त्यानंतर इतकी वर्षं तिनं क्लबात त्याच बटणावर लोकांना हसवलं, आणि तो समोर बसून तिच्याकडे बघून हसत राहिला. तिला माहीत आहे आणि ती गुपित राखतेय, असंच त्याला वाटत असणार. क्लिफनं पुढं केलेला चहा तिनं घेतला नाही.

जळालेली वायर वीतभरही नव्हती. क्लिफनं ती बदलली, चिरेत गोंद भरला, फळी परत लावून वाटीसारख्या पितळी वॉशरांत चार स्क्रू मारले. रविवारी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

बेरिलनं मर्विनला दोन कोट घातले, शेजारी बसवलं आणि स्वतः चालवायला बसली. टेकडीचा चढ लागेपर्यंत तो खुशीत होता. झाडांकडे बघत होता, समोरून येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. मग त्याचा हात सवयीनं फळीवर गेला आणि पहिल्या स्क्रूवर अडखळला. तिथून चिरेवर आला. चिरेवरून दुसऱ्या स्क्रूवर. बेरिल रस्त्याकडे बघत राहिली.

"कुणी केलं हे?" तो म्हणाला. "आमच्या बेरिलला फार वाईट वाटेल हो."

वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान तसं म्हणायची सोय होती.

"नाही वाटणार," ती म्हणाली. "तिच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."